अक्रोड, मिश्री आणि जबड्यातली खुंटी

अक्रोड फोडून खायचा असतो, एवढं मला माहीत होतं. कशाने फोडायचा, ते माहीत नव्हतं.

वय वीस, लग्नाला दीड वर्ष. आमचे हे तेव्हा फौजेत नवे शिपाई, नेमणूक काश्मीरकडे. सुट्टीवर आले ते ट्रंकेत अक्रोडांची पिशवी घेऊन, कवचासकट. म्हसवडजवळच्या आमच्या वाडीत तोवर अक्रोड कुणी पाहिलेला नव्हता. यांनी पिशवी माझ्या हातात दिली, "खा" म्हणाले, आणि बर्फाच्या गोष्टी सांगायला पारावर निघून गेले. थोरल्या जाऊबाईंनी एक अक्रोड कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "दगड आण गं." दगड कशाला? मी माहेरी ऊस दातांनी सोलणारी, बाटलीचं बूच दाढेत धरून उपसणारी, आणि त्याबद्दल भावांकडून शाबासकी घेणारी. तीन अक्रोड फोडले. जाऊबाई आ वासून बघत होत्या, म्हणून चौथा जरा ऐटीत घेतला. मोठा आवाज झाला. "फुटला की गं!" जाऊबाई म्हणाल्या. फुटली होती दाढ. अक्रोड होता तसाच हातात आला.

ती वीस वर्षांची बाई आज मला भेटली तर तिचा कान धरून विचारीन, "बये, आपल्या माणदेशात पाण्याचा दुष्काळ असतो. दगडांचा कधी पडला होता?"

दुसऱ्या दिवशी गाल पुरीसारखा फुगला. नवऱ्याला सांगायची लाज. जाऊबाईंनी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, कुटून तिची मिश्री केली आणि बोटाने माझ्या हिरडीला चोळली. डोकं गरगरलं, पण ठणका थांबला. दाढेचं दुखणं चार दिवसांत गेलं. मिश्री राहिली पंचेचाळीस वर्षं.

हे सगळं लिहिते आहे ते जबड्यात स्क्रू बसवून दात लावून घेणाऱ्यांसाठी. डॉक्टर तुम्हाला काय ते सांगतीलच. डॉक्टरांना तुम्ही काय सांगायचं, ते मी सांगते.

कवळी उडाली

साठी ओलांडेपर्यंत खालच्या डाव्या बाजूच्या दाढा एकेक करून गेल्या. मग तारेची छोटी कवळी आली. ती तोंडात कमी आणि पेल्यात जास्त असायची. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गेलो होतो. गुलाल-खोबरं उधळलं जात होतं, लोकांचा जयघोष चालला होता. मीही जीव तोडून ओरडले, "चांगभलं!" आणि त्या 'भलं'बरोबर कवळीही देवाच्या दिशेने गेली.

आमचे हे एव्हाना सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी गर्दीत वाकून ती शोधली आणि गुलालाने माखलेली कवळी दोन बोटांत धरून म्हणाले, "ह्यो दात तुजाच हाय का बघ. का दुसऱ्या कुणाचा घ्यायचा?"

आमची लेक सुनंदा सांगलीला असते. हा किस्सा ऐकून ती फोनवर आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "आई, पुरे आता. इकडे ये. पक्का दात बसवून टाकू."

टॉर्च आणि खोटं

सांगलीतल्या त्या डॉक्टरीणबाईंचं नाव नाझनीन. वयाने माझ्या धाकट्या भाचीएवढी. माहेर मिरजेचं, वडील तंबोरे घडवणारे. मोठ्या मशीनसमोर उभं करून जबड्याचा फोटो काढला, आणि तो येईपर्यंत बाकावर बसले तेव्हा माझे पाय गार पडले होते. कारण दाताचं नव्हतं. थोरल्या जाऊबाई, ज्यांनी मला पहिली मिश्री लावली, त्या तोंडाच्या कॅन्सरनेच गेल्या. शेवटी त्यांना पेज गिळता येत नव्हती. फोटोत तसलं काही दिसलं तर?

मी भीती बोलून दाखवली तेव्हा नाझनीनबाईंनी टॉर्च घेऊन गाल, जीभ, जिभेखालची जागा, सगळं निगुतीने पाहिलं. "तसं काही नाही आजी. कुठे गाठ नाही, व्रण नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, टॉर्चचा उजेड डोळ्यावर आला.

मग तिने फोटो दाखवला. "इथे टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा. आजूबाजूचं हाड हळूहळू त्याला येऊन चिकटतं. ते चिकटलं की वर दात."

"म्हंजे खुंटी ठोकायची."

"ठोकायची नाही. आधी बारीक भोक, मग थोडं मोठं, मग त्याहून मोठं, आणि शेवटी खुंटी फिरवत घट्ट बसवायची. तंबोऱ्याच्या खुंटीसारखी. तुमचं हाड आहे भरपूर, पण कडक आहे. कडक हाडात ड्रिल तापतं. हाड भाजलं तर ते मरतं, आणि मेलेलं हाड खुंटी धरत नाही. म्हणून मी सावकाश करणार." मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "तंबाखू, मिश्री काही?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "छे हो. माझी मुलगी झाली तेव्हाच सोडली आईनं. काकू गेल्या ना तशा, म्हणून नातीला मांडीवर घेऊन शपथ घेतली तिनं."

नात आता नववीत आहे. शपथ चार महिने पाळली होती. आणि त्या क्षणी मिश्रीची डबी माझ्या कमरेला, कनवटीला खोचलेली होती. मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते ज्याने त्याने ठरवावं, अशी.

पहिली खोदाई

खरं सांगते, दुखत नाही. सुई टोचते तेवढंच. त्रास होतो तो आवाजाचा आणि थरथरीचा. ती कानात नाही, कवटीत वाजते. शिवाय गार पाणी सतत गालात साठतं आणि ती नळी सुर्र सुर्र करून ते ओढत असते. नाझनीनबाई ड्रिल आत घालायची, लगेच बाहेर काढायची, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मला वाटलं, हिला जमत नाहीये.

मध्येच तोंड मोकळं झालं तेव्हा मी म्हणाले, "बाई, आमच्याकडं बोअरवाला यापेक्षा लवकर पाणी काढतो."

ती हसली. तिच्या मागे उभी असलेली नर्सही हसली, आणि हसताना तिचा पाय की हात कशावर पडला कोण जाणे, पाण्याची नळी दबली. गालातलं पाणी थांबलं. ड्रिल दोन-तीन क्षण कोरडंच फिरलं. "पाणी!" नाझनीनबाई ओरडली आणि हात मागे घेतला. नळी सरळ झाली, काम पुढे सुरू झालं. खुंटी घट्ट बसली, टाके पडले. जाताना मी मोठ्या थाटात म्हणाले, "एवढंच? उगा घाबरले."

माझ्या विनोदांनी आयुष्यात बरीच कामं बिघडवलीत. हे त्यातलं एक.

पाचवा दिवस

चार दिवस मी गुणी बाळ होते. मऊ भात, गार दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पाचव्या दिवशी सकाळी सुनंदाच्या न्हाणीघरात नळ मोठा सोडला, आणि डबी उघडली. मनाशी म्हणाले, उजव्या बाजूलाच लावते, डावीला धक्का नको. जणू तोंडात मधे बांध घातलाय आणि इकडचं पाणी तिकडं जात नाही!

दहाव्या दिवशी टाके काढून आम्ही वाडीला परतलो. दोनेक महिने बरे गेले. मग आत कुठेतरी बारीक ठणकायला लागलं. जीभ लावली की खुंटी किंचित हलल्यासारखी वाटे. मी जीभ लावायचं बंद केलं. हा माझा जुना उपाय आहे. मांजर दूध पिताना डोळे मिटतं, तसा.

शेवटी सुनंदाने हट्टाने बोलावून घेतलं. नाझनीनबाईने आधी खुंटीवर टकटक केलं, मग चिमट्याने ती धरली, जरासं फिरवलं, आणि ती अलगद बाहेर आली. ना रक्त, ना जोर. पिकलं बोर देठातून सुटावं तशी.

पोरीने खुंटी ताटलीत ठेवली. खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली. "आजी, माझी चूक झाली असणार. शेवटच्या ड्रिलला पाणी थांबलं होतं. तेवढ्यात हाड भाजलं असेल. तुमचा वेळ गेला, त्रास झाला. मला माफ करा."

सुभेदार उठून उभे राहिले. "आवं मॅडम, म्हातारं मानूस हाय म्हनून कसंबी करायचं व्हय? फौजेत असं काम केलं असतं, तर…" सुनंदा म्हणाली, "आम्ही विश्वासाने आणलं होतं तुमच्याकडे."

आणि मी? मी गालात कापूस धरून बसले होते. तोंडात कापूस असला की बोलता येत नाही, ही केवढी सोय! कनवटीला डबी मात्र निखाऱ्यासारखी लागत होती.

बकऱ्याचं हाड

जखम भरेपर्यंत मी सांगलीतच राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुनंदा बाजारातून आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "शेजारच्या वहिनी सांगत होत्या, त्यांनाही असाच दात बसवायचा होता. नाझनीनबाईंनी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. म्हणे, सध्या मी ही कामं घेत नाही. बरं झालं, अक्कल आली."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. पोरीने शिकायला किती वर्षं घातली असतील. बापाने रंधा मारून मारून शिकवलं असेल. आणि माझ्या एका बोटभर मिश्रीपायी तिने हत्यार खाली ठेवलं होतं.

आठव्या दिवशी जखम दाखवायला दुपारी मी एकटीच गेले. "रिक्षा आहे, कशाला येतेस," असं सुनंदाला सांगितलं. दवाखान्यात पेशंट नव्हते. आतल्या खोलीत टेबलावर शेगडीएवढा लोखंडी शेकंजा, त्यात पकडलेलं बकऱ्याच्या जबड्याचं हाड, आणि नाझनीनबाई त्यात भोकं पाडत होती. बाजूला तसलेच सात-आठ तुकडे मांडून ठेवलेले.

"काय गं बाई, रस्सा करायचा बेत हाय का?"

ती दचकली, मग ओशाळून हसली. "या आजी. रोज दुपारी बसते. बघते, माझा हात कुठे चुकतो ते." तिने दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. एका भोकाची कड पांढरी स्वच्छ होती. दुसऱ्याची तपकिरी, करपलेल्या भाकरीच्या काठासारखी. "हे पाणी सोडून, थांबत थांबत केलेलं. आणि हे एका दमात, कोरडं. वास घ्या."

घेतला. केस जळल्यासारखा वास.

"अब्बा तंबोऱ्याला खुंटीचं भोक पाडतात ना, तेव्हा सारखं हुंगत असतात. म्हणतात, घाई केली की लाकूड आतून जळून गुळगुळीत होतं. मग खुंटी किती पिळा, सरकतेच. लहानपणापासून ऐकलंय मी हे. आणि ऐन वेळी…" तिने त्या तपकिरी कडेवरून बोट फिरवलं. "तीन क्षणच कोरडं फिरलं होतं हो. मी मोजून बघतेय, तीन क्षणांत हाड किती तापतं."

मी कनवटीतून डबी काढली आणि त्या हाडांच्या शेजारी ठेवली. तिने झाकण उघडलं. आता वास घ्यायची पाळी तिची होती.

"कधीपासून?"

"पंचेचाळीस वर्षं. आनि तू टाके घातलेस, त्याच्या पाचव्या दिवसापास्नं परत."

तिने झाकण लावलं आणि डबी परत हाडांशेजारी ठेवली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होईना. मला वाटलं, आता ही मला हाकलणार. हाकललं असतं तर मी गेले असते.

"मला शंका आली होती," ती म्हणाली. "दातांवरचे डाग बघून. तुम्हाला एकटीला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. लेकीसमोर कोण कबूल करेल?"

"आता ही बी चूक तूच घेनार व्हय? माझ्यासाठी काईतरी ठेव की गं!"

तेव्हा ती हसली. डोळे पुसत पुसत हसली. मी विचारलं, खरं सांग, खुंटी कशाने गेली? ड्रिलनं का मिश्रीनं? तिने सरळ सांगितलं, "नाही सांगता येणार आजी. पाणी थांबलं होतं हेही खरं, आणि ही डबीही खरी. भाजलेलं थोडं हाड शरीर भरून काढू शकतं. पण तंबाखूने त्याचा रक्तपुरवठाच आवळला, तर ते कशाच्या जोरावर भरणार? दोघींनी मिळून घालवली म्हणू."

दोघींनी. तो शब्द मला फार आवडला.

घरातली पेशी

त्याच संध्याकाळी सुनंदाला सांगितलं. ती ओरडली नाही. ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "काकूंना पेज मी भरवत होते, आई. तू नव्हतीस तेव्हा खोलीत." आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी माझ्या उशाशी एक स्टीलची डबी ठेवलेली. आत लवंगा, बडीशेप, खोबऱ्याचे काप. डबी अगदी मिश्रीच्या डबीच्या मापाची. कुठून शोधून आणली असेल!

सुभेदार मला न्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि बाहेर पडले. ते नाझनीनबाईच्या दवाखान्यात गेले होते, हे मला तिच्याकडूनच नंतर कळलं. दारात ताठ उभे राहिले म्हणे, आणि म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी चुकीच्या मानसावर आवाज चढवला." पाणीसुद्धा न पिता परत आले. मला मात्र त्यांनी काही म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, पुढे कित्येक महिने नाही. बोलले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. गप्प नवऱ्याशी भांडायचं कसं?

मिश्री सुटताना पहिले पंधरा दिवस वाईट असतात, हे लपवत नाही. डोकं चढतं, पोट साफ होत नाही, सगळ्यांचा राग येतो. मी तर आमच्या म्हशीशीही अबोला धरला होता. हात आपोआप कनवटीला जायचा. तिथे लवंगांची डबी लागायची. दीड महिन्याने एका सकाळी लक्षात आलं की आंबेमोहोराचा भात शिजताना वास येतोय. तो वास जगात पहिल्यापासून होता, माझंच नाक पंचेचाळीस वर्षं रजेवर होतं.

पांढरा कीस

पाच-सहा महिन्यांनी हाड भरलं. मी नाझनीनबाईला म्हणाले, दुसऱ्याकडे जाणार नाही, बसवायची तर तूच बसवायचीस. ती म्हणाली, "अजून एकदा विचार करा."

"पोरी, बकऱ्यांनी तुझ्यासाठी जबडे दिले. मी एक दिला तर काय बिघडलं?"

या खेपेला विनोद मी खुर्चीत बसायच्या आधीच उरकून घेतला. नर्स पाण्याच्या नळीपासून हातभर लांब उभी होती. ड्रिल आत, बाहेर, आत, बाहेर. आता मला ते कळत होतं. चिमणी दाणे टिपते तशी ती हाड टिपत होती, आणि प्रत्येक टिपण्यामध्ये हाडाला निवायला वेळ देत होती. मी नाकाने वास शोधत होते. करपल्याचा वास नाही. शेवटच्या ड्रिलच्या खाचांत अडकलेला कीस तिने वाटीत झटकला आणि माझ्यासमोर धरला. किसलेल्या ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, जरासा लालसर.

"जिवंत आहे," ती म्हणाली. आणि तोच कीस परत खुंटीच्या कडेने भरला. माझंच हाड, मलाच परत.

साडेतीन महिन्यांनी तिने खुंटीवर चिमट्याच्या दांड्याने हलकेच टकटक केलं. पहिल्या खुंटीचा आवाज बद्द होता, फुटक्या मडक्यासारखा. हा टणत्कार वेगळाच. तिने मान तिरकी करून पुन्हा टकटक केलं, डोळे मिटून ऐकलं. तंबोरेवाल्याची लेक ती.

"लागली," म्हणाली. शेजारच्या वहिनींचं काम तिने पुढच्याच आठवड्यात घेतलं.

कणीस

वर दात बसला. वाडीला परतले त्या दिवशी मक्याचं कणीस भाजलं आणि डाव्या बाजूने, मुद्दाम डाव्या बाजूने, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं. सुभेदार ओसरीवर बसून बघत होते. मग उठून आत गेले. कपाटाचा आवाज झाला, मग स्वयंपाकघरात काहीतरी जड उचलल्याचा. बाहेर आले तेव्हा एका हातात अक्रोड होते, दुसऱ्या हातात खलबत्त्यातला बत्ता. दोन्ही माझ्यापुढे ठेवले. साताऱ्याहून कुणाकडून तरी अक्रोड मागवून, कधीपासून लपवून ठेवले होते कोण जाणे. मी काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

"तवा नुसती पिशवी हातात दिऊन गेलो, फोडायचं कशानं ते सांगितलं न्हाई. मिश्री तुजी हाय, पर अक्रोड माजा हुता."